परसबागेतील लसूण (मराठवाडा)

घराच्या मागच्या अंगणात, आडाच्या कडेला किंवा शेतातल्या विहिरीजवळच्या एखाद्या वाफ्यात घरापुरता लसूण लावून तो सुकवून पुढचे कित्येक महिने वापरण्याची पद्धत. लसूण (ॲलियम सॅटायव्हम) हे कांद्याच्या जवळचे कंदपीक आहे. त्याला पेरण्याजोगे बी धरत नाही, म्हणून गड्ड्यातली पाकळी, म्हणजेच कुडी, लावावी लागते.

मराठवाड्यात हे पीक परतीचा पाऊस आणि उन्हाळा यांच्यामधल्या फटीत बसते. दसरा ते दिवाळी हा लावणीचा काळ आणि शिमग्याच्या आसपास काढणी. मध्ये साधारण १३० ते १५० दिवस जातात. पात वाढायला आणि गड्ड्यात पाकळ्या पडायला थंडी लागते. परभणी-नांदेडकडे थंडीच्या लाटेत पारा १० अंशांखाली उतरतो, ते दिवस लसणाच्या फार कामाचे. पुढे दिवस मोठा होऊन ऊन वाढले की गड्डा भरतो. लावणी डिसेंबरात ढकलली तर गड्डे बारीक राहतात, काही एकाच पाकळीचे निघतात.

खरी अडचण जमिनीची आहे. बेसॉल्टपासून बनलेली इथली भारी काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आवळते. तिच्यात गड्डा वेडावाकडा होतो आणि उपटताना पात हातात येऊन कंद आतच राहतो. त्यामुळे सपाट वाफ्यापेक्षा वीतभर उंचीचा गादीवाफा बरा. त्यात नदीकाठचा पोयटा आणि चांगले कुजलेले शेणखत सढळ हाताने मिसळावे. ताज्या शेणाने पात माजते आणि गड्डा सडतो. न्हाणीचे पाणी परसात सोडण्याची रीत जुनी असली, तरी लसणाच्या वाफ्यात ते नको. साबण-सोड्याच्या पाण्याने काळी माती हळूहळू चोपण (घट्ट, पाणी न मुरणारी) होते आणि खारवट जमीन लसणाला सोसत नाही. आदल्या हंगामात कांदा घेतलेली जागाही टाळावी.

गड्डा लावणीच्या वेळीच फोडतात. बाहेरच्या जाड पाकळ्या बियाण्याला, आतल्या बारीक फोडणीला. साल न काढता, टोक वर ठेवून, दोन-तीन सेंटिमीटर खोल टोकतात. १५ बाय १० सेंटिमीटर अंतराने एका चौरस मीटरात ६६ पाकळ्या बसतात. गड्डा सरासरी २० ग्रॅमचा धरला तरी सव्वा किलोच्या वर लसूण होतो. घरच्या बियाण्यात बहुधा गावरान, बारीक कुडीचा आणि तिखट वासाचा लसूण असतो. विकतच्या बियाण्यात राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे ‘गोदावरी’ आणि ‘श्वेता’ हे वाण परिचित आहेत.

मुळे उथळ असल्याने पाणी थोडे पण वारंवार द्यावे लागते. खुरपणी वरवर करावी. फुलकिड्यांनी पातीवर पांढरे चट्टे पाडले तर पाच टक्के निंबोळी अर्क फवारतात.

काढणीच्या दोन-तीन आठवडे आधी पाणी तोडणे ही या पिकातली सर्वांत महत्त्वाची शिस्त. पात पिवळी पडताना पाहून माणूस कळवळून पाणी देतो आणि तिथेच टिकाऊपणा गमावतो. खालची पाने वाळली, वरची चार-पाच अजून हिरवट आहेत, हा काढणीचा योग्य क्षण. प्रत्येक पानाचा खालचा भाग म्हणजे गड्ड्याचे एक वेष्टन असते. सगळी पाने वाळेपर्यंत थांबले तर वेष्टने कुजून पाकळ्या सुट्या होतात. उशीर करण्यात आणखी एक धोका असतो: फेब्रुवारी-मार्चची अवकाळी आणि गारपीट. २०१४ साली याच दिवसांत मराठवाड्याने ती मोठ्या प्रमाणावर सोसली.

खुरप्याने माती सैल करून गड्डे पातीसकट काढतात, माती झाडतात, धूत नाहीत. शेतात पसरताना एकाची पात दुसऱ्याच्या गड्ड्यावर येईल अशी ओळ लावतात, कारण मार्चच्या उन्हात उघडा गड्डा भाजतो. दोन-तीन दिवसांनी तो ओसरीत किंवा गोठ्याच्या छपराखाली, वारा खेळेल अशा सावलीत हलवतात. मान घट्ट वाळली, मुळे कडक झाली आणि साल कागदासारखी वाजू लागली की लसूण सुकला. याला आणखी दहा-पंधरा दिवस लागू शकतात. मग पातीच्या वेण्या किंवा जुड्या बांधून माळवदाच्या तुळईला टांगतात. पात कापायचीच असेल तर मान दोन-तीन सेंटिमीटर ठेवावी. बंद प्लास्टिक पिशवीत बुरशी येते. फ्रिजच्या गारव्यात कोंब फुटतात.

घरचा लसूण इथे भाकरीसोबतच्या भुरक्यात (तेल-तिखटाच्या चटणीत), ठेच्यात आणि वरणाच्या फोडणीत जातो. कोवळी पात जानेवारीतच चटणीला खुडली जाते, पण गड्डे भरायचे असतील तर त्यासाठी वाफ्याची कडेची एक ओळ वेगळी राखावी. बियाण्यासाठी सर्वांत मोठे, घट्ट आणि डाग नसलेले गड्डे जुड्या बांधतानाच निवडून वेगळे टांगतात. पावसाळ्यात ते अधूनमधून दाबून पाहावे लागतात आणि पोकळ लागलेला गड्डा लगेच काढून टाकावा लागतो.