हेल्मेटच्या आतला वारा : दुचाकीस्वाराच्या कानात इअरप्लग कसे आले

लांबचा पल्ला मारून मोटरसायकलवरून उतरलं की थोडा वेळ कानात दडे बसल्यासारखं वाटतं. समोरच्याचं बोलणं उशीआडून आल्यासारखं ऐकू येतं, आत कुठेतरी बारीक शिट्टी वाजत राहते आणि रात्री आडवं झाल्यावर ती जास्तच जाणवते. सकाळपर्यंत सगळं जागेवर येतं, म्हणून कोणी त्याची फिकीर करत नाही. हा सगळा प्रताप इंजिनाचा आणि सायलेन्सरचा, अशी बहुतेकांची समजूत असते. ती चुकीची आहे. गाडी चालवताना कानात इअरप्लग घालण्याची पद्धत इतकी उशिरा का रुजली, याचं निम्मं उत्तर या समजुतीतच आहे.

आवाजाने कान जातात हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक होतं. इटालियन वैद्य बर्नार्डिनो रामाझिनी यांनी 18 व्या शतकाच्या सुरुवातीलाच व्हेनिसच्या तांबटांबद्दल लिहून ठेवलं होतं, की दिवसभर भांडी ठोकून ठोकून ते म्हातारपणी ठार बहिरे होतात. 1886 मध्ये ग्लासगोच्या थॉमस बार यांनी 100 बॉयलर-कारागिरांचे कान तपासले आणि त्यांची तुलना टपाल वाटणाऱ्यांशी केली. ठोकाठोकीच्या कामाचा कानांवर होणारा परिणाम त्यातून इतका स्पष्ट दिसला, की 'बॉयलरवाल्याचा कान' हा शब्दप्रयोगच वैद्यकात रूढ झाला. उपायही फार मागे नव्हता. बर्लिनचे औषधनिर्माते मॅक्स नेगवर यांनी 1907 मध्ये मेण, व्हॅसलीन आणि कापूस एकत्र करून कानात घालायचे गोळे तयार केले. जलपऱ्यांच्या गाण्याला आपले खलाशी भुलू नयेत म्हणून ओडिसियसने त्यांच्या कानात मेण घातलं होतं, ती कथा त्यामागे होती. नाव ठेवलं ओरोपॅक्स, म्हणजे कानाची शांतता.

योगायोग असा, की त्याच 1907 साली इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्सचा शर्यतमार्ग सुरू झाला. तिथल्या गाड्यांच्या गोंगाटाला आजूबाजूचे रहिवासी इतके वैतागले की प्रकरण कोर्टात गेलं, आणि 1925 पासून तिथे धावणाऱ्या वाहनांना मोठा डबा लावणं सक्तीचं झालं. तो सायलेन्सर 'ब्रुकलँड्स कॅन' म्हणून प्रसिद्ध आहे. मोटरसायकलच्या आवाजाविरुद्ध झालेल्या पहिल्या मोठ्या कारवायांपैकी ही एक, आणि ती झाली शेजाऱ्यासाठी. स्वाराचा त्यात विचारही नव्हता. पुढचे नियमही याच वाटेने गेले. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने 1980 मध्ये नव्या मोटरसायकलींच्या आवाजावर मर्यादा घातली (1983 च्या मॉडेलपासून 83 डेसिबल, पुढे 80), तेव्हा मोजणीचा मायक्रोफोन धावत्या गाडीपासून सुमारे 15 मीटरवर ठेवायचं ठरलं. रस्त्याकडेच्या माणसाला किती त्रास होतो, हे त्याला कळायचं. ज्याचं डोकं वाऱ्यात आहे त्याच्या कानाशी काय चाललंय, हे कळायची सोयच नव्हती.

डोक्याचा विचार मात्र आधी झाला, आणि तो योग्यच होता. ब्रुकलँड्सचे वैद्यकीय अधिकारी डॉ. एरिक गार्डनर यांनी कॅनव्हास आणि शेलॅकचं शिरस्त्राण बनवून घेतलं, ते 1914 च्या आइल ऑफ मॅन शर्यतीत वापरलं गेलं. 1935 च्या मे महिन्यात टी. ई. लॉरेन्स, म्हणजे अरबस्तानचा लॉरेन्स, मोटरसायकल अपघातात डोक्याला मार लागून गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स हे तरुण मेंदूशल्यविशारद होते. त्यांनी पुढे लष्करी संदेशवाहक स्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा पाठपुरावा केला आणि 1941 मध्ये हेल्मेटचं महत्त्व दाखवणारा लेख प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने कामावरच्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. 1961 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने सामान्य स्वारांसाठी कायदा केला, 1973 मध्ये ब्रिटनने.

1960 च्या दशकाच्या अखेरीस बेल कंपनीने पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट आणलं आणि कानांच्या गोष्टीला वळण मिळालं. (डेसिबलमधला 'बेल' वेगळा. तो टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलचा. हेल्मेटवाली कंपनी कॅलिफोर्नियातल्या बेल नावाच्या गावावरून ओळखली जाते.) डोकं चहूबाजूंनी बंद, समोर काच, आत जाड अस्तर. मग आवाज आत येणार कुठून, असं कुणालाही वाटावं.

येतो तो खालून. वेगात जाणाऱ्या हेल्मेटभोवती हवा सरळ वाहत नाही, कवचावरून सुटते आणि तिचे भोवरे होतात. त्यांच्या दाबाचे हेलकावे कवच हलवतात आणि मानेच्या मोकळ्या जागेतून आत शिरतात. 2011 मध्ये इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठातल्या संशोधकांनी वायुबोगद्यात पुतळ्याच्या डोक्यावर हेल्मेट चढवून मोजमापं घेतली, तेव्हा हनुवटीसमोरच्या कवचाखालचा भाग हा कानापर्यंत पोहोचणाऱ्या आवाजाचा मोठा उगम असल्याचं दिसलं. हा आवाज बहुतांशी खालच्या पट्टीतला, घुमणारा असतो. हेल्मेटचं अस्तर वरच्या पट्टीतला आवाज बऱ्यापैकी शोषतं, खालच्या पट्टीपुढे मात्र हात टेकतं. गाडीच्या पुढच्या काचेने प्रश्न सुटेलच असंही नाही. काचेच्या कडेवरून सुटलेली खवळलेली हवा नेमकी हेल्मेटवर आदळत असेल, तर काच काढून टाकल्यावर जास्त शांत वाटतं. उंच आणि बुटक्या स्वाराला एकाच गाडीवर वेगवेगळा अनुभव येतो, तो यामुळेच.

वाऱ्याचा आवाज वेगाबरोबर चढतोही भलत्या गतीने. वेग दुप्पट झाला तर ध्वनीची शक्ती दुप्पट होत नाही, वेगाच्या साधारण पाचव्या ते सहाव्या घाताने वाढते. म्हणजे 15 ते 18 डेसिबलची उडी. 1990 च्या दशकात ब्रिटनमध्ये कान-नाक-घसा तज्ज्ञ मॅकोम्ब आणि सहकाऱ्यांनी हेल्मेटच्या आत, थेट कानाशी मायक्रोफोन लावून मोजलं. ताशी 60 किलोमीटरच्या आसपास 90 डेसिबल, आणि ताशी 160 ला 110. त्या वेगात इंजिन आणि सायलेन्सर वाऱ्यापुढे कुठल्या कुठे बुडून जातात. शांत गाडी घेतली म्हणून कान वाचतात हे खरं नाही, इलेक्ट्रिक मोटरसायकलवरही वारा तोच.

हे आकडे किती मोठे, ते कारखान्यांच्या मापाने बघावं. कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या निऑश या संस्थेच्या शिफारशीनुसार 85 डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास चालतो आणि त्यापुढे दर तीन डेसिबलला ही मुभा निम्मी होते. 88 ला चार तास, 91 ला दोन, 94 ला एक, 100 ला फक्त 15 मिनिटं. हायवेचा वेग धरला, तर दिवसाचा कोटा पहिल्या चहापाण्याच्या थांब्याआधीच संपतो. मॅकोम्ब यांच्या गटाने 1994 आणि 1995 मध्ये ग्रांप्री स्वारांच्या कानांबद्दल आणि हायवेच्या वेगात स्वारी झाल्यावर ऐकण्याच्या क्षमतेत होणाऱ्या तात्पुरत्या घसरणीबद्दल लिहिलं. दडे बसणं म्हणतात ते हेच. कानाच्या शंखातल्या नाजूक रोमपेशी थकतात आणि सावरतात. वारंवार थकवल्या की काही कायमच्या मरतात, आणि माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत.

मग इअरप्लग घालायला लोक बिचकत का होते? हॉर्न ऐकू आला नाही तर काय, ही भीती. साधी, समजण्यासारखी भीती आहे, आणि तिला हेल्मेटविरोधी वादाने भरपूर खतपाणी घातलं. 1970 च्या दशकात अमेरिकेत हेल्मेट सक्तीविरुद्ध जोरात मोहीम होती, त्यात 'हेल्मेटमुळे ऐकू येत नाही' हा ठरलेला मुद्दा. 1981 च्या प्रसिद्ध हर्ट अहवालाने शेकडो अपघात तपासून तो खोडला : हेल्मेटमुळे रहदारीचे महत्त्वाचे आवाज दबत नाहीत. युरोपच्या हेल्मेट मानकातही अट आहे ती हेल्मेटने ऐकण्याला धोकादायक अडथळा आणू नये अशी. वाद दोन्ही बाजूंनी एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिला, बाहेरचा हॉर्न आत येतो का. आत आधीच काय भरून राहिलंय, हे विचारायला फार थोडे लोक होते.

गंमत म्हणजे हॉर्नच्या प्रश्नाचं उत्तर बरंच आधी मिळालं होतं. दुसऱ्या महायुद्धात रणगाडे आणि विमानांमधल्या गोंगाटात सैनिकांना आदेश ऐकू यावेत म्हणून हार्वर्डच्या प्रयोगशाळेत बरंच काम झालं. त्या कामातून पुढे आलेल्या कार्ल क्रायटर यांनी 1946 मध्ये दाखवलं, की मोठ्या गोंगाटात इअरप्लग घातलेल्यांना बोलणं न घातलेल्यांइतकंच, कधी त्यांच्यापेक्षाही चांगलं कळतं. बोळा गोंगाट आणि बोलणं दोन्ही सारखंच कमी करतो, त्यामुळे दोघांतलं अंतर तसंच राहतं. वर कानावरचा अतिरेकी भार उतरतो, तो फायदाच. कारण मोठा, खालच्या पट्टीतला आवाज वरच्या पट्टीतल्या आवाजांना झाकून टाकतो (वेगेल आणि लेन या संशोधकांनी 1924 मध्ये हे मोजलं होतं), आणि हे झाकणं आवाज वाढेल तसं अधिकच पसरत जातं. वाऱ्याची घरघर खाली आणली की तिच्या आड दडलेला सायरन वर येतो. शहरातल्या संथ रहदारीत मात्र हे गणित लागू पडत नाही. तिथे गोंगाटच कमी, त्यामुळे जाड बोळ्यांनी बारीक आवाज खरोखर हरवू शकतात. भीती पूर्ण खोटी नव्हती, तिची जागा चुकीची होती.

बोळ्यांमध्येही सुधारणा व्हायला हवी होती. मेणाचे गोळे चिकट, कापूस जवळजवळ निरुपयोगी, युद्धातले रबरी बोळे बोचणारे. 1967 मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल रिसर्च कॉर्पोरेशनमध्ये रॉस गार्डनर यांनी कंपन शोषणाऱ्या रेझिनवर काम करताना दाबल्यावर सावकाश फुगणारा फोम तयार केला. त्यातून जन्मलेले पिवळे बोळे 1970 च्या दशकात बाजारात आले आणि कारखान्यांतून शर्यतीच्या तळांवर, तिथून रस्त्यावर पोहोचले. बोटांनी वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर ओढून आत सरकवायचे, फुगेपर्यंत धरून ठेवायचे. अर्धवट खोचलेला बोळा पाकिटावरच्या आकड्याच्या जवळपासही जात नाही, आणि बाहेर डोकावत असेल तर हेल्मेट चढवताना अस्तर त्याला उपटून काढतं.

1988 मध्ये एटिमोटिक कंपनीने संगीतकारांसाठी वेगळ्या जातीचा बोळा आणला. सगळ्या पट्ट्यांतला आवाज साधारण सारखाच 15 डेसिबलने खाली आणणारा, त्यामुळे स्वर बिघडत नव्हते. आज स्वारांसाठी म्हणून विकले जाणारे फिल्टरवाले बोळे याच कल्पनेच्या वंशातले आहेत, फक्त सूर सांभाळण्याऐवजी त्यांना वारा अडवायचा आहे. माझ्या मते फिल्टरची जाहिरात थोडी जास्तच होते. खालच्या पट्टीतला वारा अडवायला नीट बसलेला साधा फोम अजून कुणाला फारसा हार जात नाही.

कायद्याने हा विषय सरळ कधीच हाताळला नाही. युरोपमध्ये 2003 च्या निर्देशानंतर कामाच्या जागी 85 डेसिबलला संरक्षण वापरणं बंधनकारक झालं. दिवसभर मोटरसायकलवर असणारा पोलीस त्यात येतो, त्याच रस्त्यावर सुटीचा प्रवास करणारा येत नाही. कॅलिफोर्नियात तर उलट बाजूने सुरुवात झाली. वाहन चालवताना दोन्ही कानांत काही घालायला तिथे मनाई आहे. पुढे घातक आवाज कमी करणाऱ्या बोळ्यांना अपवाद मिळाला, तो सायरन आणि हॉर्न ऐकू येतील अशा रचनेच्या बोळ्यांनाच.

हेल्मेट बनवणाऱ्यांनी आतल्या शांततेवर स्पर्धा सुरू केली ती गेल्या काही दशकांत. जर्मनीची शुबर्थ कंपनी आपल्या काही हेल्मेटच्या आतला आवाज ताशी 100 किलोमीटरला 80 ते 85 डेसिबलच्या दरम्यान असल्याचं सांगते. हा आकडा कंपनीच्या स्वतःच्या वायुबोगद्यातला आहे. रस्त्यावर आडवा वारा असतो, पुढे ट्रक असतो, आणि स्वाराची मान सारखी वळत असते.