लस्टर फाइल सिस्टिममधील डेटा स्थलांतर आणि त्रुटी-निवारण

लस्टर ही महासंगणकांवर वापरली जाणारी समांतर फाइल सिस्टिम. पीटर ब्राम यांनी १९९९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात तिचे काम सुरू केले, १.० आवृत्ती २००३ मध्ये आली. लस्टरमध्ये एकाच फाइलचे तुकडे अनेक सर्व्हरांवरील साठ्यांत (ओएसटी) पसरलेले असतात. फाइलचे नाव, मालकी आणि कोणता तुकडा कुठे आहे याचा आराखडा मेटाडेटा सर्व्हरवर राहतो. एखादे ओएसटी भरत आले किंवा काढून टाकायचे ठरले की त्यावरचे तुकडे दुसरीकडे हलवावे लागतात, तेही बहुधा यंत्रणा चालू असताना. बहुतेक अडचणी त्यामुळेच उद्भवतात.

तुकडे हलवण्यासाठीची जुनी एलएफएस_मायग्रेट स्क्रिप्ट फाइलची प्रत काढून तिला मूळ नाव देत असे. प्रत निघत असताना कुणी मूळ फाइलमध्ये लिहिले तर ते लेखन हरवे, आणि त्रुटीचा संदेशही येत नसे. स्थलांतरातला सर्वांत घातक प्रकार हाच. नंतर आलेली 'एलएफएस मायग्रेट' ही आज्ञा नव्या आराखड्याची एक निनावी फाइल तयार करून तिच्यात डेटा उतरवते आणि शेवटी दोन्ही फाइलींचे आराखडे अदलाबदल करते. मूळ फाइलची ओळख तीच राहते. 'नॉन-ब्लॉक' पद्धतीत मध्येच कुणी लिहिल्याचे आढळले तर काम रद्द होते. 'ब्लॉक' पद्धतीत लिहिणाऱ्याला तेवढा वेळ थांबवले जाते. अदलाबदलीपूर्वी काहीही बिघडले, अगदी आज्ञा चालवणारे यंत्र बंद पडले तरी, मूळ फाइल जागच्या जागी असते. म्हणून अशी रद्द झालेली फाइल यादीत नोंदवून, तिच्यावरचे लेखन थांबल्यावर पुन्हा हलवणे पुरेसे असते.

जागा संपल्याची त्रुटी (क्रमांक २८) आली तर लक्ष्य ओएसटीकडे पाहावे, कारण अदलाबदल होईपर्यंत दोन्ही प्रती जागा व्यापतात. ओएसटी रिकामे करताना त्यावर नवे तुकडे तयार होणे आधी थांबवावे. त्यासाठी मेटाडेटा सर्व्हरवर 'मॅक्स_क्रिएट_काउंट' ही नव्या तुकड्यांची मर्यादा शून्य करतात. त्याऐवजी मेटाडेटा सर्व्हरवर ते ओएसटीच थेट निष्क्रिय केले, तर हलवलेल्या फाइलींचे जुने तुकडे पुसले जात नाहीत. जागा मोकळी झालेली दिसत नाही आणि स्थलांतर फसले असा समज होतो.

वाचन-लेखन त्रुटी (क्रमांक ५) मात्र गंभीर असते: मूळ तुकडाच वाचता येत नाही. अशा वेळी त्रुटी डावलून प्रत काढणारी साधने वापरू नयेत. न वाचलेल्या भागांत ती शून्ये भरू शकतात आणि फाइल पूर्ण असल्याचा भास होतो. फाइल बॅकअपमधून परत आणणे हाच खरा उपाय.

स्थलांतरानंतर चालवली जाणारी एलएफएससीके (लस्टरची सुसंगती-तपासणी) ही तपासणी मेटाडेटा आणि तुकडे यांचा मेळ पाहते. कोणत्याही फाइलशी न जोडलेले तुकडे ती 'लॉस्ट+फाउंड' या फोल्डरमध्ये ठेवू शकते. आराखड्यात नोंद आहे पण तुकडा नाही, अशा जागा ती फक्त कळवते. रिकामा तुकडा तयार करण्याचा पर्याय वेगळा द्यावा लागतो, आणि तो सरसकट देणे चूक आहे. फाइलमधील मजकूर बरोबर आहे का, हे ही तपासणी सांगत नाही. ओएसटीखालची डिस्कवरची फाइल सिस्टिम झेडएफएस असेल तर डिस्कवरचा डेटा चेकसमने (मजकुरावरून काढलेल्या पडताळणी-अंकाने) पडताळला जातो. एलडिस्कएफएस या दुसऱ्या पर्यायात ती सोय नाही. तिथे महत्त्वाच्या फाइलींचे चेकसम स्थलांतरापूर्वीच काढून ठेवावेत.