रायन, जिम

रायन, जिम : (२९ एप्रिल १९४७). अमेरिकेचा मध्यम पल्ल्याचा धावपटू. १९६६ व १९६७ या दोन उन्हाळ्यांत ८८० यार्ड (अर्धा मैल), एक मैल आणि १,५०० मी. या तिन्ही अंतरांचे विश्वविक्रम करणारा. शाळेत असताना चार मिनिटांच्या आत मैल धावलेला तो पहिला विद्यार्थी. ऑलिंपिकमध्ये त्याला एकच पदक मिळाले, तेही रौप्य. एवढ्यावरून ‘मोठ्या शर्यतीत कमी पडलेला’ असा शिक्का त्याच्यावर बसला. तो अन्यायाचा आहे, हे त्याच्या शर्यती एकेक करून पाहिल्या की पटते.

जन्म कॅन्सस राज्यातील विचिटा शहरी. लहानपणीच्या गोवरामुळे त्याला कायमचे कमी ऐकू येई. शाळेच्या कनिष्ठ संघांत त्याची निवड होत नव्हती. ईस्ट हायस्कूलमध्ये तो लांब पल्ल्याच्या धावण्याकडे वळला आणि बॉब टिमन्स या प्रशिक्षकांच्या हाती लागला. टिमन्स यांनी जलतरणपटूंनाही शिकवले होते. पाण्यात मुले रोज जेवढे अंतर कापतात, तेवढा सराव धावणाऱ्या मुलांना का झेपू नये, असा त्यांचा विचार होता. मैलाला पाच मिनिटांहून जास्त घेणाऱ्या या मुलाला, तू शाळेत असतानाच चार मिनिटांची भिंत पाडशील, असे त्यांनी सांगितले. तेव्हा रॉजर बॅनिस्टरच्या पहिल्या चार मिनिटांच्या आतल्या मैलाला दहा वर्षेही झाली नव्हती आणि कोणत्याही शाळकरी मुलाने ते केले नव्हते.

सरावाचा कणा होता तो मध्यांतर पद्धतीचा : ठरावीक अंतर वेगाने धावायचे, थोडा दम घ्यायचा, पुन्हा धावायचे. रायनच्या बाबतीत आवर्तनांची संख्याच अचाट होती. ४४० यार्डांच्या, म्हणजे मैदानाच्या एका पूर्ण फेरीच्या, चाळीस धावा एकाच सत्रात, हा त्याचा सर्वांत गाजलेला सराव. सकाळी शाळेआधी रस्त्यावरची धाव, दुपारी ट्रॅक, असे मिळून आठवड्याचे अंतर १०० मैलांच्या (सुमारे १६० किमी.) आसपास जाई. या राबण्यातून त्याला दोन गोष्टी मिळाल्या. तीन फेऱ्या वेगात काढूनही पाय ताजे राहू लागले. आणि मुळातला वेग शाबूत राहिल्याने शेवटच्या ३०० मीटरमध्ये तो जी झेप घेई, तिला त्या काळात उत्तर नव्हते. अर्धा मैल आणि मैल अशा दोन्ही अंतरांत जगात अव्वल असणारे धावपटू दुर्मिळ असतात. रायन त्यांतला एक झाला.

५ जून १९६४ रोजी कॅलिफोर्नियातील कॉम्प्टन येथे तो ३ मि. ५९.० से. मध्ये मैल धावला. त्या शर्यतीत तो आठवा आला, कारण आठही जण चार मिनिटांच्या आत होते! त्याच वर्षी सतराव्या वर्षी तो टोकिओ ऑलिंपिकसाठी अमेरिकी संघात निवडला गेला आणि १,५०० मी. च्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. पुढच्या वर्षी विचिटात राज्यस्तरीय शालेय स्पर्धेत त्याने ३ मि. ५८.३ से. वेळ दिली. जून १९६५ मध्ये सॅन दिएगो येथे राष्ट्रीय स्पर्धेत त्याने ३ मि. ५५.३ से. मध्ये मैल जिंकताना न्यूझीलंडच्या पीटर स्नेलला मागे टाकले. स्नेलच्या नावावर तेव्हा तीन ऑलिंपिक सुवर्णपदके होती. रायनने नुकतीच शाळा संपवली होती.

टिमन्स लॉरेन्स येथील कॅन्सस विद्यापीठात गेले, पाठोपाठ रायनही तिथे गेला. जून १९६६ मध्ये टेरे होट येथे ८८० यार्डांचा १ मि. ४४.९ से. हा विश्वविक्रम आणि १७ जुलैला बर्कली येथे मैलाचा ३ मि. ५१.३ से. हा विक्रम झाला. फ्रान्सच्या मिशेल जाझीची वेळ त्याने एकदम २.३ सेकंदांनी खाली आणली होती. २३ जून १९६७ रोजी बेकर्सफील्डला, पेसर (सुरुवातीला वेग राखून देणारा धावपटू) नसताना, स्वतःच पुढे राहून त्याने ३ मि. ५१.१ से. वेळ दिली.

त्याची सर्वांत थोर शर्यत मात्र त्यानंतर पंधरा दिवसांनी, ८ जुलैला लॉस एंजेलिसमध्ये झाली. अमेरिका विरुद्ध ब्रिटिश राष्ट्रकुल असा सामना होता, अंतर १,५०० मी. आणि प्रतिस्पर्धी केनियाचा किप केइनो. पहिली फेरी संथ गेली, ६० सेकंदांच्याही वर. विक्रमाची आशा तिथेच संपायला हवी होती. मग केइनोने वेग वाढवला, रायन त्याला चिकटून राहिला आणि अखेरच्या टप्प्यात त्याला मागे सोडून ३ मि. ३३.१ से. मध्ये पोहोचला. हर्ब एलियटचा १९६० च्या रोम ऑलिंपिकमधील विक्रम अडीच सेकंदांनी मोडला. हा सगळा पराक्रम कृत्रिम पृष्ठभाग येण्याआधीच्या मातीच्या ट्रॅकवरचा आहे, हे विसरता कामा नये. १,५०० मी. चा हा विक्रम १९७४ पर्यंत आणि मैलाचा १९७५ पर्यंत टिकला. दोन्ही टांझानियाच्या फिल्बर्ट बायीने मोडले.

१९६८ चे मेक्सिको सिटी ऑलिंपिक समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मी. उंचीवर झाले. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण पाऊण पट असतो, त्यामुळे श्वासागणिक मिळणारा ऑक्सिजन कमी. मैदानी प्रदेशात वाढलेल्या रायनला त्या वर्षी मोनोन्यूक्लिओसिस हा थकवा आणणारा विषाणूजन्य आजार झाला आणि ऐन तयारीचे आठवडे वाया गेले. केइनो उंच प्रदेशातच वाढला होता. अंतिम शर्यतीत केनियाच्याच बेन जिपचोने पहिली फेरी ५६ सेकंदांत खेचली. रायनची शेवटची झेप निकामी करायची, तर त्याला आधीच मागे टाकले पाहिजे, असा हा नेमका डाव होता. केइनो ३ मि. ३४.९ से. मध्ये जिंकला, रायन ३ मि. ३७.८ से. मध्ये दुसरा आला. त्या उंचीवर ३ मि. ३९ से. जिंकायला पुरेसे होतील, असा त्याचा अंदाज होता; म्हणजे ठरवले त्यापेक्षा तो चांगलाच धावला. तरीही मायदेशी त्याच्या वाट्याला टीका आली.

१९६९ मध्ये मायामीच्या राष्ट्रीय स्पर्धेत मैलाची शर्यत चालू असताना तो ट्रॅकबाहेर पडला आणि दीड वर्षाहून अधिक काळ स्पर्धांपासून दूर राहिला. पौगंडावस्थेत एवढा भार टाकल्यामुळेच तो लवकर थकला, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. शरीरापेक्षाही अपेक्षांचे ओझे त्याला जड गेले असावे. विसाव्या वर्षी ज्याच्याकडून प्रत्येक शर्यतीत विक्रम मागितला जातो, त्याला हरण्याची मुभाच उरत नाही. १९७१ मध्ये तो परतला. त्या वर्षी फिलाडेल्फियात अमेरिकेच्याच मार्टी लिक्वोरीने त्याला निसटते हरवले. दोघांचीही वेळ ३ मि. ५४.६ से. होती.

१९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये प्रवेशिकेतली त्याची मैलाची वेळ १,५०० मी. ची म्हणून धरली गेली. मैल हे अंतर १,५०० मी. हून जास्त असल्यामुळे तो मंद धावपटूंत गणला गेला आणि प्राथमिक फेरीतच केइनोच्या गटात पडला. शेवटच्या फेरीची घंटा होण्याआधी घानाच्या बिली फोर्डजोरबरोबर तो कोसळला. उठून धावला, पण पुढची फेरी हुकली. अमेरिकी संघाचे अपील फेटाळले गेले. त्यानंतर तो काही काळ व्यावसायिक स्पर्धांत धावला.

पुढे रायनने शाळकरी मुलांसाठी धावण्याची शिबिरे चालवली. रिपब्लिकन पक्षातर्फे १९९६ मध्ये तो अमेरिकी प्रतिनिधिगृहावर निवडून आला आणि जानेवारी २००७ पर्यंत सदस्य होता. २०२० मध्ये त्याला प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम हा अमेरिकेचा मोठा नागरी सन्मान मिळाला. शालेय मैलाचा त्याचा विक्रम २००१ पर्यंत अबाधित होता. त्याच्यानंतर १९६७ पर्यंत आणखी दोनच शाळकरी मुले चार मिनिटांच्या आत आली. पुढची ३४ वर्षे कोणालाच ते साधले नाही. अखेर ॲलन वेबने युजीन येथे ३ मि. ५३.४३ से. वेळ देऊन तो विक्रम मोडला.