म्युझिक व्हिडिओतील कालचित्रण

तीन-चार मिनिटांच्या गाण्यात वेशभूषा, नेपथ्य, प्रकाश आणि चित्राचा पोत यांच्या जोरावर जुना काळ उभा करण्याची ही रीत. संवादांना इथे जागा नसते, म्हणून बेलबॉटम, तबकडीचा फोन अशा वस्तू हमखास दिसतात. पण काळ खरा वाटतो तो वस्तूंपेक्षा त्या काळाच्या कॅमेऱ्याची नजर पकडली की. ‘निर्वाना’ या अमेरिकी रॉक बँडच्या ‘इन ब्लूम’ (1992) या व्हिडिओसाठी म्हणूनच जुने कॅमेरे वापरून 1960 च्या दशकातल्या टीव्ही कार्यक्रमासारखे कृष्णधवल चित्रण केले होते.

या प्रकाराचा सर्वांत सुंदर नमुना म्हणजे स्पाइक जोन्झ यांनी दिग्दर्शित केलेला ‘वीझर’ या बँडचा ‘बडी हॉली’ (1994). ‘हॅपी डेज’ (1974–84) या अमेरिकी मालिकेतल्या खानावळीचा सेट त्यांनी नव्याने उभारला, बँडला तिथे वाजवायला लावले आणि मालिकेतली जुनी दृश्ये मध्ये अशी बेमालूम जोडली की जुनी पात्रे याच गाण्यावर नाचताहेत असे वाटते. मूळ मालिकेतला खानावळवाला अल मोलिनारो स्वतः येऊन बँडची ओळख करून देतो. गंमत अशी, की ती मालिकाच 1950 चे दशक आठवणीतून रंगवणारी होती. म्हणजे 1994 च्या पडद्यावर दिसतात ती सत्तरच्या दशकाने पाहिलेली पन्नासच्या दशकातली वर्षे.

हिंदीत फराह खान यांच्या ‘ओम शांती ओम’मधले (2007) ‘धूम ताना’ हे गाणे त्याच वाटेने जाते. त्यात दीपिका पदुकोण सुनील दत्त, राजेश खन्ना आणि जितेंद्र यांच्या जुन्या चित्रपटांतल्या दृश्यांत जाऊन नाचते.

अलीकडे व्हीएचएस कॅसेटचा आभास फार वापरला जातो: चौकोनी चित्र, कोपऱ्यात तारीख, तळाशी थरथरणारी पट्टी. यातली पट्टी मला खटकते. व्हीसीआरमध्ये एक हेड (फीत वाचणारा भाग) सोडून दुसरे सुरू होताना ती उमटते खरी, पण जुन्या टीव्हीच्या चौकटीआड ती झाकली जाई. कॅसेटी संगणकावर उतरवल्यावर ती दिसू लागली. घरी लग्नाची कॅसेट लावणाऱ्यांनी पाहिल्या त्या हेड खराब झाल्यावर येणाऱ्या मुंग्या. आणि नवरीच्या शालूचा लाल रंग काठाबाहेर पसरलेला, कारण व्हीएचएसमध्ये रंगाचा तपशील उजेड-अंधाराच्या तपशिलापेक्षा पुष्कळच कमी साठत असे.