विषाणू कुणाचा? ‘वाटप’ आणि ‘वाटणी’चा जुना वाद

मे २०२५ मध्ये जिनिव्हात जागतिक आरोग्य संघटनेचा महासाथ करार मंजूर झाला. आदल्या दिवशी समितीत झालेल्या मतदानात १२४ देश बाजूने होते, ११ तटस्थ राहिले, विरोधात एकही मत पडलं नाही. एवढं एकमत दिसलं, कारण भांडणाचा मुद्दा बाजूला काढून ठेवला होता. रोगजंतूंचे नमुने कोणी कुणाला द्यायचे आणि त्या बदल्यात काय मिळणार, हे एका परिशिष्टात यायचं होतं. ते मंजूर होईपर्यंत करार सह्यांसाठी खुलाच होणार नाही, असं करारातच लिहिलं आहे.

या परिशिष्टाकडे कोरोनाची देणगी म्हणून पाहिलं जातं. खरं तर भांडण इंडोनेशियातल्या जाकार्तातलं आहे.

आजार सीमेवर कसा अडवायचा, यावर देशादेशांत खलबतं १८५१ पासून चालू आहेत. १८९७ ची व्हेनिसची परिषद तर मुंबईच्या प्लेगमुळेच भरली. पण त्या सगळ्या बैठकांत प्रश्न जहाजं थांबवण्याचा होता. जंतू पाठवण्याचा प्रश्न आला १९५२ मध्ये, फ्लूवर नजर ठेवणारं प्रयोगशाळांचं जागतिक जाळं उभं राहिलं तेव्हा. देशोदेशीच्या प्रयोगशाळांनी रुग्णाच्या घशातला स्राव थंड पेटीत घालून लंडन, अटलांटा, मेलबर्न किंवा टोकियोला धाडायचा. तिथे विषाणू ओळखून लशीसाठीचं बियाणं तयार व्हायचं आणि ते कंपन्यांकडे जायचं. कंपन्या ते कोंबडीच्या फलित अंड्यांत वाढवत. पन्नासेक वर्षं हे विनातक्रार चाललं. फुकट चाललं, म्हणूनही असेल.

मग बर्ड फ्लू आला. आपल्याकडे फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला पोल्ट्र्यांमधल्या लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या, तो हाच एच५एन१. तेव्हा इथे तो कोंबड्यांवर थांबला. इंडोनेशियात माणसं मरत होती, तीही जगात सर्वाधिक. त्यांचे नमुने नेमाने बाहेर जात होते. त्यांच्याच नमुन्यातल्या विषाणूपासून एक परदेशी कंपनी लस बनवते आहे, हे तिथल्या आरोग्य खात्याला नंतर कळलं. लस विकत घ्यायची तर रांगेत उभं राहायचं, आणि श्रीमंत देशांनी आगाऊ करार करून रांगेचा पुढचा भाग आधीच अडवलेला.

इंडोनेशियाने नमुने पाठवणं थांबवलं.

या निर्णयावर तेव्हा जे टीकेचं मोहोळ उठलं, त्यात एक गोष्ट सोयीस्करपणे गाळली जात होती. मूळ देशाच्या परवानगीवाचून नमुने जाळ्याबाहेर जाणार नाहीत, असं जागतिक आरोग्य संघटनेच्याच २००५ च्या मार्गदर्शक टिपणात स्पष्ट लिहिलेलं होतं. नियम मोडला कुणी, हा प्रश्न त्यामुळे वाटतो तितका सरळ नाही. टीकेतला दुसरा भाग मात्र खोटा नव्हता: विषाणू रूप बदलत असेल तर ते नमुन्याशिवाय कळणार कसं? शिवाय इंडोनेशियाच्या बाजूने जैविक अस्त्रांचा संशय जाहीर बोलून दाखवला गेला आणि चांगल्या मुद्द्याची किंमत विनाकारण उतरली. जून २००७ मध्ये नवे आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम लागू झाले. त्यांत साथीची ‘माहिती’ देणं बंधनकारक होतं. नमुना म्हणजे माहिती का, यावर वकिलांनी भरपूर कागद भरले.

सगळा घोळ एका शब्दात आहे, ‘शेअरिंग’. विषाणूही शेअर करायचा आणि लाभही शेअर करायचा. इंग्रजीत दोन्हीला एकच क्रियापद पुरतं, मराठीला दोन शब्द लागतात. गणपतीत मंडळ वह्यांचं वाटप करतं. कुणाला किती द्यायच्या हे देणारा ठरवतो, फोटोही त्याचाच येतो. वाटणी होते भावाभावांत. तिथे कुणाच्या मेहेरबानीचा प्रश्न नसतो, सातबाऱ्यावर नाव आहे की नाही एवढंच बघतात. इंडोनेशिया वाटणी मागत होता. त्यासाठी आधार घेतला १९९२ च्या जैवविविधता कराराचा, ज्यात जनुकीय संपत्तीवर त्या त्या देशाचा सार्वभौम हक्क मान्य केला आहे. समोरचे म्हणाले, तो करार जपून ठेवायच्या गोष्टींसाठी आहे, विषाणू कोण जपणार? युक्तिवाद चलाख आहे. पण त्याच विषाणूपासून बनलेल्या लशीवर मालकी सांगताना तो कुणाला आठवला नाही.

चार वर्षांच्या घासाघिशीनंतर, मे २०११ मध्ये, तोडगा निघाला. मधल्या काळात २००९ ची स्वाइन फ्लूची साथ येऊन गेली. पुण्यात तेव्हा शाळा बंद होत्या आणि लोक तपासणीसाठी रांगा लावून उभे होते. त्या साथीतही लस आधी नोंदणी केलेल्यांनाच मिळाली. नव्या चौकटीत बियाणं घेणाऱ्या कंपन्यांनी लशीचा काही हिस्सा राखून ठेवायचा आणि जाळ्याचा निम्मा खर्च उद्योगाने दरवर्षी उचलायचा असं ठरलं. वाटणीच्या इतक्या जवळ प्रकरण तोवर कधी गेलं नव्हतं. पण ही चौकट फक्त महासाथ होऊ शकणाऱ्या फ्लूपुरती.

कोरोना तिच्या बाहेर राहिला. जानेवारी २०२० मध्ये त्याचा जनुकीय क्रम, म्हणजे विषाणूच्या जनुकांची अक्षरांत लिहिलेली मांडणी, इंटरनेटवर आला आणि तेवढ्यावर लशीची आखणी सुरू झाली. थंड पेटीची गरजच उरली नाही. गरीब देशांसाठीची लसयोजना पुण्यातल्या एका कारखान्यावर विसंबून होती. मार्च २०२१ मध्ये भारताने निर्यात रोखली, तेव्हा अनेक आफ्रिकी देशांचे दुसरे डोस लांबले. घरात आग लागली असताना हे समजण्यासारखं आहे, पण वाटणीची बाजू मांडणाऱ्या आपल्याला ते अजून ऐकवलं जातं. नोव्हेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेने ओमायक्रॉनची माहिती तातडीने जाहीर केली आणि दोन दिवसांत तिच्यावर विमानबंदीची पाळी आली.

नव्या करारात आकडा आहे २० टक्क्यांचा. महासाथीत सहभागी कंपन्यांनी चालू उत्पादनाचा एवढा भाग उपलब्ध करायचा, त्यात किमान १० टक्के देणगी आणि उरलेला परवडणाऱ्या दरात. म्हणजे निम्मं पुन्हा वाटपच. आणि परिशिष्टाच्या चर्चेत गाडं अडत राहिलं ते एका बारीक वाटणाऱ्या मुद्द्यावर: जनुकीय क्रमाची फाइल उतरवून घेणाऱ्याने आपलं नाव नोंदवायचं की नाही.