रामचंद्रदेव यादव

रामचंद्रदेव यादव (राज्यकाल सु. १२७१–१३११) : देवगिरीच्या यादव घराण्यातील राजा. महानुभाव वाङ्मयात रामदेवराय, मराठी बखरींत रामदेवराव आणि फार्सी तवारिखांत रामदेव या नावांनी त्याचे उल्लेख येतात. ज्ञानेश्वरीचा रचनाकाल, मंत्री हेमाद्रीचे कर्तृत्व आणि अलाउद्दीन खल्जीची स्वारी यांमुळे त्याचे नाव सर्वपरिचित आहे. त्याला राज्य मिळाले ते मात्र चुलतभावाशी झालेल्या यादवीतून. त्या संघर्षाची मुळे आधीच्या दोन पिढ्यांत आहेत.

दुसऱ्या सिंघणाचा मुलगा जैतुगी बापाच्या हयातीतच वारला. त्यामुळे सु. १२४६-४७ मध्ये गादी नातवाकडे, म्हणजे कृष्णाकडे (कन्हरदेव) गेली. कृष्ण सु. १२६०-६१ मध्ये निवर्तला. त्याचा मुलगा रामचंद्र त्या वेळी अल्पवयीन असावा, म्हणून राज्य कृष्णाचा धाकटा भाऊ महादेव याच्याकडे आले. महादेव पुतण्याचा पालक म्हणून राज्य पाहत होता की स्वतःच्या हक्काने राजा झाला होता, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. त्याच्या लेखांत चक्रवर्तीपदाची सर्व बिरुदे पूर्णपणे येतात. उत्तर कोकणच्या शिलाहार सोमेश्वराचा पाडाव करून ते राज्य त्याने यादवांच्या अमलाखाली आणले. हे पाहता पालकत्वाची कल्पना टिकणे अवघड आहे. भावानंतर भाऊ ही सोय त्या काळी दख्खनमध्ये अपरिचित नव्हती. अडचण पुढच्या पिढीत येत असे. महादेवाच्या पश्चात राज्य थोरल्या पातीकडे परत जायचे की त्याच्याच वंशात राहायचे, हा तंटा १२७० च्या सुमारास उभा राहिला. महादेवाचा मुलगा अम्मण (काही लेखांत आमण) गादीवर बसला आणि रामचंद्राने त्याविरुद्ध उठाव केला.

या उठावाची माहिती तीन प्रकारच्या साधनांतून मिळते. पहिला शक ११९३ (१२७१-७२) चा पैठण ताम्रपट. रामचंद्राने अम्मणाकडून राज्य बळाने घेतल्याचे त्यात आडपडदा न ठेवता नोंदवले आहे. हा ताम्रपट घटनेला अगदी लागून असल्यामुळे कालनिश्चितीसाठी तोच सर्वांत मोलाचा ठरतो. शक ११९३ मध्ये रामचंद्र राजा म्हणून दान देतो आहे, तेव्हा अम्मणाची कारकीर्द काही महिन्यांच्या पलीकडे गेली नसावी. दुसरा शक १२३२, साधारण संवत्सर (१३१०) मधील पुरुषोत्तमपुरी ताम्रपट. बीड जिल्ह्यात गोदाकाठी असलेले हे गाव राजाने आपला मंत्री पुरुषोत्तम याला अग्रहार म्हणून दिले होते. अधिकमासातील यात्रेमुळे ते आजही गजबजते. रा. गो. भांडारकरांनी दख्खनचा प्राचीन इतिहास लिहिला तेव्हा हा ताम्रपट उजेडात आला नव्हता. पुढे वा. वि. मिराशी यांनी तो संपादून प्रसिद्ध केल्यावर सत्तांतराची हकिकत पुष्कळच स्पष्ट झाली. तिसरे साधन म्हणजे महानुभाव कवी व चरित्रकार यांचे लेखन.

पुरुषोत्तमपुरी ताम्रपट आणि महानुभाव परंपरा या दोहोंत मुख्य प्रसंग एकच आहे. रामचंद्राने विश्वासातली माणसे नर्तकांच्या वेषात देवगिरीच्या किल्ल्यात शिरवली. अम्मणाला नृत्यगायनाची आवड होती. खेळ पाहण्यात तो रंगला असता त्याला पकडण्यात आले. वेषांतराने किल्ला घेतल्याच्या कथा भारतभर आढळत असल्याने काही अभ्यासक या प्रसंगाला काव्यालंकार मानतात. तरी तो राजाच्या स्वतःच्या दानपत्रात, घटनेनंतर चाळीस वर्षांच्या आत आणि दरबाराबाहेरच्या परंपरेशी जुळता येतो. त्यामुळे तो मुळातून खोटा मानण्याचे कारण दिसत नाही. उभा तासलेला कडा असलेला देवगिरीसारखा डोंगरी किल्ला चढाई करून घेणे जवळजवळ अशक्य होते. पंचवीस वर्षांनी अलाउद्दीनलाही तो लढून घेता आला नाही, शिधा संपल्यामुळेच रामचंद्र तहाला तयार झाला. अशा गडात आतूनच शिरावे लागते. मोठ्या लढाईचा उल्लेख कोणत्याच लेखात येत नाही, तोही यामुळेच असावा.

अम्मणाच्या शेवटाविषयी राजाचे लेख मौन पाळतात. त्याचे डोळे काढून त्याला कैदेत टाकले, असे महानुभाव परंपरा सांगते. पंथप्रवर्तक चक्रधरस्वामींच्या अखेरीवरून महानुभाव पंथाच्या मनात दरबाराविषयी, विशेषतः हेमाद्रीविषयी रोष होता, ही बाब लक्षात घेऊनच ही साक्ष वाचली पाहिजे. उलट पक्षी, याच परंपरेने रामदेवरायाची रसिकताही जपून ठेवली आहे. नरेंद्र कवीचे काव्य ऐकून राजाने दर ओवीला सोन्याचे नाणे देऊन ते आपल्या नावावर मागितले आणि कवीने नकार दिला, ही हकिकत तिच्यातलीच आहे. अंध केलेला मनुष्य राज्याला अपात्र ठरतो, या समजुतीमुळे प्रतिस्पर्ध्याचे डोळे काढणे ही मध्ययुगातील अनेक राजघराण्यांत चालणारी क्रूर रीत होती. हे सर्व ध्यानात घेता ही हकिकत ग्राह्य धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

सत्तांतरानंतर कारभारी वर्ग फारसा हलला नाही, ही बाब विशेष लक्षणीय आहे. महादेवाचा श्रीकरणाधिप (राज्याच्या दप्तराचा प्रमुख) हेमाद्री रामचंद्राकडेही त्याच अधिकारावर राहिला. पंढरपूरच्या चौऱ्याऐंशीच्या शिलालेखात (शक ११९५–९९) देणगी देणाऱ्यांत राजा आणि हेमाद्री दोघांचीही नावे आहेत. महादेवाच्या वंशाला धरून राहणारा मोठा गट दरबारात असता तर हे असे सुरळीत झाले नसते. थोरल्या पातीचा हक्क बहुतेकांना मान्य होता आणि उठावाला आतून साहाय्य होते, असा निष्कर्ष त्यावरून काढता येतो.

गादी स्थिर झाल्यावर रामचंद्राचा सेनापती तिक्कम याने १२७६ मध्ये होयसळांच्या दोरसमुद्रावर चाल केली. राजधानीजवळ पोचूनही त्याला माघार घ्यावी लागली. पूर्वेकडे वज्राकर (वैरागड) व भांडागार (भंडारा) येथील विजयांचे, तसेच थेट वाराणसीपर्यंतच्या मोहिमेचे दावे पुरुषोत्तमपुरी ताम्रपटात आहेत. त्यांतील शेवटचा दावा सावधपणेच घ्यावा लागतो.

अलाउद्दीनच्या स्वारीचे साल जुन्या मराठी पुस्तकांत १२९४ असे आढळते. ते नंतरच्या काळातील फार्सी इतिहासकार फिरिश्ता याच्यावरून आले आहे. समकालीन अमीर खुसरो हिजरी ६९५ देतो. त्यानुसार अलाउद्दीन फेब्रुवारी १२९६ मध्ये कडा (प्रयागजवळील त्याचे ठाणे) येथून निघाला आणि जूनमध्ये परतला. आता हेच साल सामान्यतः स्वीकारले जाते. स्वारीच्या वेळी युवराज शंकरदेव मुख्य फौज घेऊन राजधानीबाहेर होता. बापाने तह केल्यावर तो परतला व त्याने पुन्हा लढाई दिली. गडावर धान्य म्हणून चढवलेली पोती मिठाची निघाली, ही प्रसिद्ध गोष्ट फिरिश्त्याची आहे.

घराण्यातील दुसरी फूट याच बापलेकांत पडली. अलाउद्दीनला ठरलेली खंडणी काही वर्षांनी थांबली. गुजरातच्या कर्ण वाघेल्याला बागलाणात आश्रय मिळाला आणि त्याची कन्या देवलदेवी हिचा विवाह शंकरदेवाशी करण्याचे ठरले. १३०७ च्या सुमारास अलाउद्दीनचा सेनापती मलिक काफूर चालून आला. चौदाव्या शतकातील फार्सी कवी इसामी याच्या फुतूह-उस्-सलातीन या इतिहासकाव्यात अशी माहिती आहे, की आपण निष्ठावंत असून मुलगा व त्याच्या पक्षाचे लोक आपल्याला कोंडून मनमानी करतात, असे रामचंद्राने सुलतानाला गुप्तपणे कळवले होते. इसामी या मुलाचे नाव भिल्लम देतो. तो शंकरदेवच असावा, असे बहुतेक धरतात. या निरोपाला काहीजण धूर्तपणाची चाल समजतात. तथापि बापाने दिल्लीशी शेवटपर्यंत राखलेला सलोखा आणि त्याच्या पश्चात मुलाने लगेच पुकारलेले बंड पाहता धोरणातील विरोध खरा होता, असे मानणेच योग्य. रामचंद्राला दिल्लीस नेण्यात आले. तेथे त्याचा सन्मान होऊन राय-रायान हा किताब, छत्र, एक लाख टंक व नवसारी हा प्रांत त्याला मिळाला. पुढे वारंगळ व दोरसमुद्र येथील काफूरच्या मोहिमांना त्याने रसद व वाटाडे पुरवले.

त्याची एक मुलगी अलाउद्दीनला दिली होती. इसामी तिचे नाव झट्यपाली असे देतो. हा विवाह १२९६ च्या तहाचा भाग होता की १३०७-०८ नंतर झाला, हे वादग्रस्त आहे. तिचा मुलगा शिहाबुद्दीन उमर १३१६ मध्ये काफूरने तख्तावर बसवला तेव्हा जेमतेम सहा वर्षांचा होता. हे वय दुसऱ्या तर्काला थोडे अनुकूल आहे. दुसरी मुलगी हरपालदेवाला दिली होती.

रामचंद्राचा मृत्यू १३११ मध्ये किंवा त्यानंतर लवकरच झाला असावा. १३१० चे दानपत्र आणि १३११ च्या प्रारंभीची त्याची काफूरला झालेली मदत या त्याच्या ज्ञात अखेरच्या नोंदी होत. शंकरदेवाने खंडणी नाकारली आणि सु. १३१३ मध्ये तो काफूरशी लढताना मारला गेला. दिल्लीतील गोंधळाचा फायदा घेऊन हरपालदेवाने स्वतंत्र कारभार सुरू केला, परंतु दिल्लीचा सुलतान कुत्बुद्दीन मुबारकशाह याने त्याला पकडून १३१८ च्या सुमारास हालहाल करून ठार मारले.

रामदेवरावाचा मुलगा बिंबदेव उत्तर कोकणात उतरला आणि माहीम येथे त्याने राज्य केले, असे महिकावतीची बखर सांगते. या बखरीची प्रत वि. का. राजवाड्यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केली. तीमधील कालगणना आपापसांत जुळत नाही, शिवाय बिंब नावाच्या एकाहून अधिक पुरुषांची सरमिसळ झालेली दिसते. यादवांच्या कोरीव लेखांतून या मुलाला दुजोरा मिळत नाही. मुंबई-वसई पट्ट्यातील पाठारे प्रभू, पाचकळशी इत्यादी ज्ञातींच्या कुलवृत्तांतांत मात्र बिंबाबरोबर आलेल्या घराण्यांच्या याद्या आजही सांगितल्या जातात.