रात्रीच्या प्राण्यांची ओळख घरापासून

निशाचर प्राणी म्हटलं की लहान मुलांना घुबडाचं चित्र दाखवलं जातं आणि विषय तिथेच संपतो. ‘घुबड रात्री जागं असतं’ हे पाच वर्षांच्या मुलालाही पाठ असतं, पण मिट्ट काळोखात त्याला उंदीर सापडतो कसा, हे कुणी सांगत नाही. खरी गंमत तर त्यातच आहे. माझ्या मते ही ओळख घरापासूनच करून द्यावी.

मोरीतून येणारी चिचुंद्रीच घ्या. उंदीर समजून लोक तिला मारतात. ती उंदराच्या कुळातली नाही. झुरळं आणि किडे हे तिचं मुख्य खाणं. नजर अधू, त्यामुळे सगळी भिस्त नाकावर आणि कानांवर. पिल्लांना घेऊन निघते तेव्हा पहिलं पिल्लू आईच्या शेपटीच्या बुडाशी तोंडाने धरतं, दुसरं पहिल्याला, तिसरं दुसऱ्याला, आणि ही आगगाडी भिंतीच्या कडेने पुढे सरकते. हे ऐकलेलं मूल पुढच्या वेळी चिचुंद्री दिसली की किंचाळत नाही, वाकून पाहतं.

घुबडाचे कान समजावायला आंधळी कोशिंबीर पुरते. एका मुलाच्या डोळ्यांवर रुमाल बांधा, बाकीच्यांनी आळीपाळीने टाळी वाजवावी. टाळी डावीकडून आली की उजवीकडून, हे ते पटकन सांगतं, कारण जवळच्या कानाला आवाज क्षणभर आधी पोहोचतो. आता बरोबर समोर उभं राहून एकदा डोक्याच्या वर आणि एकदा गुडघ्याशी चुटकी वाजवा. इथे मुलं गोंधळतात. गव्हाणी घुबड मात्र गोंधळत नाही, कारण त्याच्या कानांची छिद्रं एका रेषेत नसतात. एक वर, एक खाली असतं. आवाज वरून आला की खालून, हे त्याला त्या फरकावरून कळतं. बदामासारखा दिसणारा त्याचा चेहरा आवाज गोळा करून कानांकडे वळवतो. घुबडाला डोळे फिरवता येत नाहीत, म्हणून ते मानच वळवतं. आपल्या मानेत 7 मणके असतात, घुबडाच्या 14. ‘घुबडाला दिवसा दिसत नाही’ ही समजूतही इथेच काढून टाकावी. त्याला दिवसाही चांगलं दिसतं.

मुलं सहा-सात वर्षांची असतील तर घुबडाच्या गोळ्या दाखवाच. घुबड छोटी शिकार अख्खी गिळतं. न पचलेली हाडं आणि केस गोळी करून तोंडावाटे बाहेर टाकतं. जुन्या पडक्या वाड्यात, झाडाच्या ढोलीखाली अशा करड्या गोळ्या पडलेल्या असतात. हातमोजे घालून गोळी कोमट पाण्यात भिजवायची आणि चिमट्याने हळूहळू सोडवायची. इवल्याशा कवट्या निघतात. पुढचे दोन दात नारिंगी-पिवळे असले तर तो उंदीर. दात पांढरे आणि टोकदार असले तर चिचुंद्री. नंतर साबणाने हात स्वच्छ धुवायचे. ‘घुबड अशुभ’ म्हणणाऱ्या आजीसमोर मुलाने उंदरांच्या कवट्यांची रांग मांडली, तर शेतकऱ्याचं घुबडाशी नातं काय, ते वेगळं सांगावं लागत नाही.

वटवाघळांसाठी दिवेलागणीला गच्चीवर जा. टॉर्च लावू नका. डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. किडे टिपणारी छोटी वटवाघळं तोंडाने आवाज काढतात आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून भक्ष्य हेरतात. डोळे निकामी केलेली वटवाघळंही न धडकता उडतात, हे इटलीचे शास्त्रज्ञ स्पालान्झानी यांनी 1790च्या दशकात पाहिलं होतं; पण ते आवाज आपल्या कानांच्या टप्प्याबाहेरचे असल्याने कोडं 1938 साली अमेरिकी शास्त्रज्ञ डोनाल्ड ग्रिफिन यांनी असे आवाज टिपणारं यंत्र लावेपर्यंत सुटलं नाही. वटवाघूळ आंधळं असतं, असं मात्र मुलांना सांगू नका. वडा-पिंपळावर लटकणारी, फळं खाणारी मोठी वटवाघळं प्रतिध्वनी वापरतच नाहीत. ती डोळ्यांनी आणि वासानेच पिकलेलं फळ शोधतात.